शून्यावर काटा, आत वाफ

"भाग्या, तू लिहिणारी आहेस. इंजिनिअर होऊ नकोस," आमचे साहेब नंजुंडय्या सर म्हणाले आणि माझ्या पुस्तिकेतल्या लाल चौकटीवर त्यांनी काट मारली.

माझं डोकंच फिरलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात दवाखान्यांची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायची यंत्रं बनतात. ती चालवायची कशी, ते मी लिहिते. चाचणीत मी डोळ्यांनी पाहिलं होतं, दाबाचा काटा शून्यावर आला तरी आत वाफ उरते. तेव्हा झाकण उघडलं की ती थेट नर्सच्या तोंडावर! म्हणून चौकटीत लिहिलं होतं, 'काटा शून्यावर आल्यावरही थोडा वेळ थांबा.'

"म्हणजे आपला काटा खोटा, असं आपणच छापायचं?" विक्रीवाले चिन्नप्पा फिस्कारले. "गिऱ्हाईक पळेल, अम्मा!"

"पळू दे. भाजण्यापेक्षा बरं."

"चौकट काढ, नाहीतर नोकरी सोड." सरांनी आवाजही चढवला नाही. घरात कमावती मी एकटीच.

"काढते, सर. पण आपली रीत तरी पाळू या."

आमच्याकडे छपाईआधी यंत्राला कधी हात न लावलेला माणूस पुस्तिका मोठ्यानं वाचत यंत्र चालवतो. साहेबांनी तर कधी बोटही लावलं नव्हतं. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? उतरले खाली.

वाचत गेले, बटणं दाबत गेले. यंत्र घरघरलं, मग शांत झालं. काटा शून्यावर आला.

"'आता झाकण उघडा,'" त्यांनी वाचलं आणि मुठीला हात घातला. खरंच उघडलं तर? मी ओरडणार, तोच त्यांनी हात मागे घेतला.

"चिन्नप्पा, तुम्ही उघडा."

"मी? माझं काम विक्रीचं, सर!" चिन्नप्पा केव्हाच दाराशी जाऊन उभे होते.

"भाग्या, तू उघड."

"नाही उघडणार. तुम्ही हात का मागे घेतलात सर, तेवढंच मी लिहिलं होतं."

ते पुस्तिका घेऊन निघून गेले.

पुस्तिका छापून आली. लाल चौकट जागेवर होती आणि पहिल्या पानावर 'लेखन : नंजुंडय्या'. मला आता खोक्यांवर 'ही बाजू वर' लिहायला बसवलंय. संताप होतो, खोटं कशाला बोलू? पण ती चौकट काढा म्हणून सांगायला मी काही जाणार नाही.