राहिलेल्या गोळ्या

जनीच्या घरात औषधांची जागा एकच, तांदळाचा डबा. कोकणातली ओल भिंत खाते, कपडा खाते. तांदळात पुरलेली वस्तू तेवढी कोरडी राहते. नवऱ्याला, भागोजीला जाऊन वर्ष उलटलं, तरी तांदूळ काढताना जनीच्या बोटांना त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या लागत. ती त्या पुन्हा खोल सारून ठेवी.

पितृपक्षातल्या म्हाळासाठी मुलगा विनीत आणि सून अक्षया मुंबईहून आली. अक्षयाने डब्यात हात घातला आणि थबकली.

"आई, बाबांची हार्टची औषधं? खायच्या तांदळात?"

"असू दे गो. तांदळाला काय अॅटॅक येतोय?"

"तारीख संपलीय त्यांची. विहिरीत नाही, उकिरड्यावर नाही, कुठेच टाकायची नाहीत. लांज्याचा औषधवाला परत घेतो, मी विचारलंय. परवा जाताना देते."

"परवाचं परवा."

रोज रात्री जेवणाआधी भागोजीच्या तळहातावर गोळ्या जनीच ठेवी. भाचीच्या लग्नाला ती राजापूरला गेली, एका रात्रीपुरती. "आठवणीनं घ्या हां," असं सांगून, वाटीत काढून ठेवून गेली. परतली तर अंगणात माणसं जमलेली, आणि वाटीत गोळ्या तशाच.

*पाऊस सरला बाई, ओल भिंतीला राहिली*
*धनी लागला वाटेला, वाटी भरली राहिली*

म्हाळाच्या दिवशी पितरांसाठी वाडी वाढली. केळीच्या पानावर भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पान घरामागच्या परड्यात ठेवून सगळी मागं वळली. जनीने कनवटीच्या गोळ्या काढल्या आणि भाताच्या मुदीत दडवल्या.

"घ्या. तेवढ्या राहिल्या होत्या."

कावळा आला, एकटाच. वडा सोडून थेट मुदीला लागला.

"भात आधी खाल्लान," शेजारचा बाबल्या म्हणाला. "म्हातारा जिवंतपणीही असाच, वड्याला नाक मुरडी."

विनीत हसला, हात जोडले. जनी त्या दुपारी वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवली.

तिन्हीसांजेला ती विहिरीकडे निघाली, तर फणसाखाली कावळा पडलेला. पंख पसरलेले, चोचीला शीत चिकटलेलं. वर फांदीवर बाकीच्यांचा कालवा.

"तारेला लागला असंल," बाबल्या म्हणाला.

विजेची तार पार पलीकडच्या अंगाला होती. जनी कावळ्यापाशी वाकली. तिने तो पदरात घेतला. पिसांत अजून जराशी ऊब होती. फणसाच्या मुळाशी खड्डा खणून तिने हातांनी माती लोटली. मागच्या वेळी ती घरात नव्हती. या वेळी होती, आणि गोळ्या तिनेच दिल्या होत्या.

घरात येऊन तिने डबा सुपात पालथा केला. एकेक पट्टी वेचून अक्षयापुढे ठेवली.

"जाताना कशाला? आत्ताच पिशवीत घाल. गाठ मार घट्ट."

"आई, हात मातीचे कशानं झाले?"

"धुते."

सकाळी तिने तांदूळ काढायला हात घातला. हात तळापर्यंत गेला. काही लागलं नाही.