कोरी चाळीस मिनिटं

छातीवर पाच चिकटपट्ट्या, त्यांना वायरी, आणि कमरेच्या पट्ट्याला कॅसेट घातलेलं यंत्र. वीरभद्राप्पांच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. कॅसेट आली म्हणजे आवाज आलाच की!

"ह्याला म्हणायचं काय?" त्यांनी डॉक्टरांना दरडावूनच विचारलं.

"चालता-फिरता कार्डिओग्राफ. कार्डिओ म्हणजे हृदय, ग्राफ म्हणजे लिहिणारं. लोक यंत्रालाच कार्डिओग्राम म्हणतात, पण तो ह्यातनं निघणारा कागद. ठोके मधेच थांबत असतील तर जिवावर बेतेल आप्पा, ते कधी थांबतात हे सापडलं पाहिजे. उद्यापर्यंत अंगावरनं काढू नका. आणि ह्या वहीत कधी काय केलं, कधी चक्कर आली, वेळेसकट लिहा."

"आणि तो कागद वाचणार कोण?"

"मी. रुद्रेशलाही समजावून सांगेन."

झालं! रुद्रेश म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, लक्ष्मीपुरीतलं भुसार दुकान आता तोच बघायचा. महिनाभर त्यानं दवाखान्याचा घोशा लावला होता. का लावला? घरात तर आप्पांना एकदाही चक्कर आली नव्हती. हे कार्टं आपल्या मागावर आहे, दुसरं काय! पोटच्या पोरानं बापाच्या अंगावर हेर बांधावा?

कारण आप्पांजवळ लपवायला होतं. तीन वर्षांमागं, त्र्याण्णव साली, त्यांची लेक सौंदर्या जातीबाहेर, मराठ्याच्या उदयसिंहाशी लग्न करून गेली. "मला पोरगी मेली," असं आप्पांनी अख्ख्या लिंगायत भावकीसमोर सांगितलं, आणि घरात तिचं नाव काढायची बंदी केली. आणि हेच आप्पा वर्षभर दर सोमवारी दुपारी "मठात जातो" म्हणून राजारामपुरीत तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन बसत! पोरीचं तोंड बघितल्याशिवाय त्यांना आठवडा जात नव्हता. हे भावकीला कळलं असतं तर नाक कापलं गेलं असतं.

यंत्र लागलं तो नेमका सोमवार.

जिन्याखाली आप्पांनी इकडंतिकडं बघितलं, सदऱ्यात हात घालून वायरींचे चाप सोडले आणि यंत्र पिशवीत कोंबलं. घे म्हणावं, लिही आता! पहिला मजला ओलांडताना डोळ्यांपुढं अंधारी आली, कठडा धरून ते खालीच बसले. वर गेल्यावर सौंदर्यानं काही न विचारता पाणी दिलं. परत खाली आल्यावर त्यांनी चाप लावले आणि वहीत ठोकून दिलं : तीन ते तीन चाळीस, झोप.

मंगळवारी डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. "बाकी सगळं ठीक. पण तीन ते तीन चाळीस कोरं आहे. झोपेत हृदय लिहायचं थांबत नाही आप्पा."

आप्पांना घाम फुटला. शेजारी रुद्रेश बसलेला. "लिंगपूजेला काढल्या वायरी," ते बोलून गेले. "गळ्यातलं लिंग हातावर घ्यायचं, मधी ह्या वायरी कशाला?"

"दुपारी तीनला लिंगपूजा?" रुद्रेश म्हणाला. "पहाटे आंघोळ झाल्याबरोबर तुमची पूजा हुती. आमचा जन्म गेला की तुमची पूजा बघण्यात."

आप्पा भडकले. "व्हय, माझ्यावर पाळत ठेवतोस! म्हणूनच हे बांधलंस न्हवं?"

"पाळत कशाला ठिऊ? सौंदर्यानंच दुकानात फोन केला. आप्पा जिन्यात बसत्यात, दोनदा वरनं बघितलं म्हणाली. तिला तुमचा जीव वाचवायचा हाय, पण बोललं तर तुम्ही यायचंच बंद कराल, म्हणून गप्प बसती."

आप्पांनी विचारलं, "तू जातोस तिच्याकडं?"

"दर बुधवारी. लग्नापासनं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू? तिचं नाव तरी काढू देत हुतासा का घरात?"

आप्पांचे डोळे भरून आले. चांगल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला भर दवाखान्यात लाज वाटली, आणि ती भावकीची नव्हती. त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली.

"लावा डॉक्टर परत," ते म्हणाले. "आज जिना वायरीसकट चढतो. आणि रुद्रेश, तू मागनं चल, पडलो तर धरायला."