कोबेच्या शेवया

सेलिनने क्रूसाची खूण केली, चमचा सुपात एकदाच बुडवला, तोंडाला लावला आणि परत बशीत ठेवून दिला.

"हे नाही," ती म्हणाली.

समोर बसलेल्या बर्नार्डने मान डोलावली. आचोळ्याच्या त्या हॉटेलात भिंतीवर लाल ड्रॅगन होता, छताला लाल कंदील होते आणि ताटात येणारं सगळंही लालच होतं. सूप लाल, शेवया लाल, कोबीची भजी तर अशी लाल की बर्नार्डची बोटं दोन दिवस रंगलेली राहिली असती. वेटर पॅड घेऊन जवळच उभा होता. या दोघा म्हाताऱ्यांनी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हटली तेव्हाच तो जरा बिचकला होता. त्याआधी सेलिनने त्याला डुकराचं मांस आहे का म्हणून विचारलं, तेव्हा त्याने मालकाने ऐकलं तर नाही ना, हे मागे वळून पाहून घेतलं होतं.

बर्नार्डने स्वतःसाठी साधा भात मागवला होता. तो सगळीकडे साधा भातच मागवायचा. साठी उलटल्यावर पोटाशी वैर धरू नये असं त्याचं मत होतं. शिवाय सेलिन 'हे नाही' म्हणाली की तिच्यापुढचं संपवायची पाळी त्याच्यावरच यायची, कारण अन्न टाकायचं नाही हाही तिचाच कायदा. त्याने सुपाची वाटी स्वतःकडे ओढली आणि औषध प्यावं तसं ते पिऊन टाकलं.

पाच वर्षं हे असंच चाललं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की सेलिन कपाटातली चांगली साडी काढायची, बर्नार्ड वाडीतल्या पानवेलींना पाणी सोडून, पाय धुऊन तयार व्हायचा आणि दोघं बस पकडायची. वसई स्टेशनजवळची सगळी चायनीज हॉटेलं झाली. विरारची झाली. नालासोपाऱ्यात तर रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा झाल्या. तिथे सेलिन प्लॅस्टिकच्या स्टुलावर ताठ बसून, भडकलेल्या स्टोव्हकडे बघत आपल्या वाटीची वाट पाहायची. त्यांच्या गावची, नंदाखालची माणसं आधी गालातल्या गालात हसली. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बर्नार्डला बायको फिरवायचं सुचलं, असं चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी बोललंही. मग कारण कळलं आणि त्यानंतर कोणी हसलं नाही.

कारण सेलिनच्या पर्समध्ये असायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं. लेस्टरचं पत्र. लेस्टर त्यांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर खलाशी होता. जपानातल्या कोबे बंदरातून त्याने लिहिलं होतं की इथे थंडीने हाडं वाजतात, पण बंदराजवळ एक छोटंसं दुकान आहे, तिथे आम्ही रोज शेवयांचं सूप खातो. सूप दुधासारखं पांढरट, त्यात डुकराच्या मांसाचे काप, वर अर्धं कापलेलं अंडं. आपल्याकडच्या लग्नात डुकराचा रस्सा शिजतो ना, तसा वास, पण मसाला अजिबात नाही. दुकान एका म्हातारीचं आहे. ती अगदी तुझ्यासारखी आहे मम्मी, वाढते पण रागावून. मी काड्यांनी जेवायला शिकलो. घरी आलो की तुला आणि पप्पांना चायनीज खायला नेतो. आता वसईत मिळायला लागलं असेल. अगदी असं नसेल, पण खाल्लंस की तुला कळेल मी काय म्हणतो ते.

हे पत्र नंदाखालला पोचलं, तेव्हा जहाज कंपनीचा माणूस बातमी सांगून गेल्याला चार दिवस झाले होते. कोबेहून कोरियातल्या पुसानला जाताना वाटेत समुद्र खवळला होता आणि सकाळी हजेरीला लेस्टर नव्हता. दोन दिवस शोधलं. मग जहाज पुढे गेलं.

"मेलेला माणूस पत्र लिहितो का?" सेलिनने फादरांना विचारलं होतं. फादरांनी समजावलं की पत्र आधी टाकलेलं आहे, त्यावर तारीख आहे. तारीख सेलिनलाही वाचता येत होती. पण मनच मानेना, तर तारखेला कोण विचारतो. तिने मुलासाठी मृतांची मिस्सा सांगू दिली नाही. कबरस्तानात त्याच्या नावाचा दगड बसवू दिला नाही. नोव्हेंबरात चर्चमध्ये घराघरातून मेलेल्यांच्या नावांचा कागद द्यायचा असतो, महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. दरवर्षी बर्नार्ड तो कागद लिहायला बसायचा. त्याचे आईवडील, तिचे आईवडील, तिचा भाऊ पॉल. सेलिन शेजारी बसून एकेक नाव सांगायची, पॉलच्या नावावर थांबायची, आणि उठून चुलीकडे जायची. बर्नार्ड खाली एक ओळ मोकळी ठेवून कागदाची घडी घालायचा. या गोष्टीवर त्या दोघांत कधी शब्दही निघाला नाही.

बर्नार्डने मनातल्या मनात मुलाला केव्हाच निरोप दिला होता. दिला होता, पण एकट्याने. ते ओझं एकट्याने उचलून उचलून त्याचा खांदा भरून आला होता. वेलींना पाणी घालताना कधी त्याला वाटायचं, सेलिनला घट्ट धरावं आणि दोघांनी मिळून एकदा रडून घ्यावं. ते काही जमलं नाही. त्याऐवजी तो दर महिन्याला तिच्याबरोबर लाल सूप पीत राहिला.

त्याच्याजवळ एक चोरीही होती. वर्षापूर्वी आगाशीच्या बाजारात केळी घालून परतताना त्याने एका घराच्या ओट्यावर हाताने रंगवलेली पाटी पाहिली होती, 'जपानी, कोरियन, चायनीज'. अंगणात चार टेबलं मांडलेली. एका टेबलावरच्या वाडग्यात सूप होतं, पांढरट. वर अर्धं कापलेलं अंडं. आणि वास लग्नाच्या मांडवातला. बर्नार्ड तिथे उभा राहिला होता, किती वेळ ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही, आणि मग रिकाम्या टोपल्या उचलून बस स्टॉपकडे चालायला लागला होता. घरी त्याने चकार शब्द काढला नाही. त्या महिन्यात त्याने स्वतःहून विरारच्या एका नव्या हॉटेलचं नाव काढलं. पुढच्या महिन्यात नालासोपाऱ्याचं. सेलिनला ती चव सापडू नये असं त्याला थोडंच वाटत होतं? पण सापडली, तर दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चांगली साडी कशासाठी काढणार होती?

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सेलिनची भाची स्टेफी आगाशीच्या शाळेत शिकवायची. ऑक्टोबरात ती घरी आली आणि चहा पिता पिता म्हणाली की आंटी, आगाशीला सिप्रियन म्हणून एकाने हॉटेल काढलंय, तो वीस वर्षं जहाजावर कुक होता, त्याच्याकडे डुकराच्या हाडांचं सूप मिळतं. सेलिनने बर्नार्डकडे पाहिलं. बर्नार्ड कपातला चहा बघत बसला.

"तुम्ही तर आठवड्याला दोनदा जाता आगाशीला," ती एवढंच म्हणाली.

त्या वर्षी नोव्हेंबरचा पहिला रविवार नेमका दोन तारखेला आला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी. संध्याकाळी कबरस्तानात मेणबत्त्या लावायच्या होत्या. नावांचा कागद बर्नार्डच्या सदऱ्याच्या खिशात होता. मिस्सेला जाताना तो द्यायचा राहिला, तेव्हा संध्याकाळी देऊ असं सेलिन म्हणाली. मेणबत्त्यांचा पुडा तिने पर्समध्ये पत्राशेजारी ठेवला आणि दोघं आगाशीच्या बसमध्ये बसली.

सिप्रियनच्या अंगणात दुपारी दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. तो स्वतःच बाहेर आला, पन्नाशीचा, पोट सुटलेला, कमरेला टॉवेल. त्याने विचारलं, नंदाखालचे का? स्वतः निर्मळचा असल्याचं सांगितलं, बसायला चार खुर्च्यांचं टेबल पुसून दिलं. सेलिनने सूप मागितलं. बर्नार्डने साधा भात. सिप्रियनने सुपाचा वाडगा आणला, भाताचा वाडगा आणला, आणि दोन दोन काड्या कागदात गुंडाळून दोघांपुढे ठेवल्या. मग तो आत गेला.

सेलिनने क्रूसाची खूण केली. चमचा बुडवला. बर्नार्ड 'हे नाही' ऐकायला बसला होता. पाच वर्षांत त्याला त्या दोन शब्दांची इतकी सवय झाली होती की ते ऐकल्याशिवाय त्याला घास उचलता येत नसे.

ते शब्द आले नाहीत. सेलिनने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. अंड्याचा अर्धा तुकडा तिने चमच्यावर घेतला, थोडा वेळ त्याच्या पिवळ्या बलकाकडे पाहिलं आणि खाल्ला. मग शेवया खाल्ल्या. तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे पुसले नाहीत.

"हेच आहे," ती म्हणाली.

बर्नार्डने भाताचा वाडगा पुढे ओढला. त्याचे हात उगाच टेबलावर फिरायला लागले. काड्या कागदातून सुटल्या होत्या. जन्मभर वाडीत राबलेला माणूस तो. हातात कोयता आला की तो जमिनीत रोवून ठेवायचा, काठी आली की वेलीच्या बुडाशी खोचायची, हे त्याच्या हातांना शिकवावं लागत नव्हतं. हॉटेलांतून काटा चमचाही तो असाच भातात उभा खोचून ठेवायचा. आताही त्याने त्या दोन काड्या भाताच्या मधोमध उभ्या रोवल्या आणि चमचा शोधायला लागला.

सिप्रियन लोणचं घेऊन बाहेर येत होता. त्याने वाटी टेबलावर ठेवली, हलकेच हात पुढे केला आणि दोन्ही काड्या भातातून उपटून आडव्या ठेवल्या.

"काका, राग मानू नका. अशा उभ्या नाही लावत. तिकडे जपानात मेलेल्या माणसाच्या नावानं भात वाढतात ना, त्यातच लावतात अशा."

बर्नार्डचा चेहरा उतरला. पाच वर्षं, प्रत्येक महिन्याला, प्रत्येक टेबलावर, सेलिनच्या डोळ्यांसमोर तो हेच करत आला होता. तिने जे एकदाही तोंडातून काढू दिलं नाही, ते त्याचे हात तिच्यापुढे मांडत आले होते. त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. आपण आता उठावं, दोघांनी उठून घरी जावं, असं त्याला वाटलं.

सेलिन मात्र सिप्रियनकडे पाहत होती.

"प्रेतच मिळालं नाही तर?"

सिप्रियनने टॉवेलला हात पुसले. चौथ्या खुर्चीवरच्या तिच्या पर्सकडे, पुड्यातून डोकावणाऱ्या मेणबत्त्यांकडे त्याने पाहिलं. समुद्रावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही.

"तेव्हाही करतात, मावशी," तो म्हणाला. "माझ्या जहाजावर एक फिलिपिनो पोरगा समुद्रात गेला असाच. काहीच मिळालं नाही. आमच्यात एक जपानी म्हातारा होता, तो माझ्याकडे भात मागायला आला. त्यानं वाडगा ठेवला पोराच्या जागेवर, काड्या लावल्या. आम्ही सगळे टोप्या काढून उभे राहिलो. मी रोझरीची प्रार्थना म्हटली. दुसरं काय करणार होतो?"

"त्याची आई होती?"

"असेल ना, मावशी. घरी असेल."

सेलिनने मान हलवली. सिप्रियन आत जायला वळला तेव्हा तिने त्याला थांबवून आणखी एक वाडगा भात मागितला. गरम आण, म्हणाली. त्याने काही विचारलं नाही. बर्नार्डला वाटलं, सूप आवडलं म्हणून तिला भूक लागली असावी. त्याने लोणच्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

भात आला, वाफ निघत असलेला. सेलिनने तो स्वतःपुढे घेतला नाही. तिसरी खुर्ची रिकामी होती. इतकी वर्षं प्रत्येक हॉटेलात ती रिकामीच असायची आणि वेटर ती उचलून दुसऱ्या टेबलाला न्यायला आला की सेलिन नको म्हणायची. त्या खुर्चीपुढे तिने वाडगा ठेवला. उरलेलं सूप त्याच्या शेजारी सरकवलं.

"जेव रे आता," ती रागावल्यासारखं म्हणाली. "निवून चाललंय."

मग तिने आपल्या काड्या कागदातून काढल्या आणि भातात उभ्या लावल्या. एक काडी नीट बसली. दुसरी कलली.

"पेन आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "कागदावर एक ओळ मोकळी असेल."

"आहे," बर्नार्ड म्हणाला.

पण पेन काढायच्या आधी त्याने हात पुढे केला, कललेली काडी सरळ केली, आणि वेलीच्या बुडाशी माती दाबावी तसा अंगठ्याने तिच्या भोवतीचा भात घट्ट दाबला.