अस्थिगुरूंचं तेज

कांचघर वस्तीत अस्थिगुरूंच्या दारी सकाळपासून झुंबड उडे. लंगडत आलेली माणसं चार-सहा दिवसांत ताठ चालू लागत. औषध एकच, बकऱ्याच्या हाडांचा रस्सा.

"मंत्रानं हाडातला प्राण रसात उतरतो," गुरू डबीतलं चिमूटभर भस्म टाकून पळी फिरवत सांगत, "आणि रसातला तुमच्या गुडघ्यात!"

प्राण गेल्यावरच बकरा त्यांच्याकडे येतो, हा तपशील कोणी मनावर घेत नसे.

शाकाहाऱ्यांसाठी त्याच पातेल्यातल्या रश्श्याला 'अस्थिसार काढा' म्हणत. विजय नगरचे अच्युतराव तो नाक दाबून पीत आणि घरी फिरायला गेलो होतो म्हणून सांगत.

गुडघेदुखीनं बेजार लक्ष्मणराव मात्र उघडपणे पीत. याचं दुःख त्यांच्या पत्नीला, कलावतीबाईंना. बकऱ्याच्या पायांचा रस्सा करावा तर त्यांनीच.

"काहून जी, माझ्या रश्श्यानं तुमचे गुडघे कधी नाही सुधरले?"

"तुझ्या रश्श्यात मंत्र कुठं आहे?"

"मंत्र नाही, पण मीठ बरोबर असते."

लक्ष्मणरावांचे गाल भरून आले. शेजारी म्हणाले, तेज आलं. गुरूंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावल्या. रसावर गोळी म्हणजे रसाचा अपमान. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र चिघळत चालली. गुरू म्हणाले, "विष बाहेर पडून राहिलं आहे."

नागपूरला डॉक्टर असलेली लक्ष्मणरावांची मुलगी राखी सुट्टीवर आली. तिनं आधी गाल पाहिले, मग अंगठा.

"बाबा, हे तेज नाही, सूज आहे."

साखर तपासली, तर ती इतकी चढलेली की यंत्रानं आकडा दाखवायलाच नकार दिला.

"वाढू दे साखर. गुडघा तर चालून राहिला न!"

"गुडघा चालेल, बाबा. पाय राहिला पाहिजे न!"

वडिलांना दवाखान्यात भरती करून राखीनं दुसऱ्या दिवशी आईच्या रश्श्याचा डबा गुरूंसमोर ठेवला.

"हाडं तीच, पाणी नर्मदेचंच. तुम्ही फक्त मंत्र टाका."

गर्दी पुढे सरकली. गुरूंनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला आणि सवयीनं हात भस्माच्या डबीकडे गेला. राखीनं डबी उचलली.

"नुसता मंत्र, गुरुजी."

"भस्माशिवाय मंत्र लागत नाही, बेटी!"

"अच्छा! म्हणजे काम भस्म करते. मग हाडं काहून उकळता?"

मागून रुमालाआडून अच्युतरावांचा कापरा आवाज आला, "म्हणजे... भस्म साध्या पाण्यातही चाललं असतं?"

लोक हसले. गुरू ध्यानाला म्हणून आत गेले आणि मागच्या दारानं पसार झाले. डबी राखीच्या हातातच राहिली. प्रयोगशाळेत त्या भस्मातून स्टेरॉइडच्या गोळ्यांची पूड निघाली. ही पूड सूज आणि दुखणं झटकन दाबते, म्हणून लंगडा चालू लागतो. ती बेहिशेबी पोटात गेली की चेहरा सुजतो, साखर भडकते, जखम भरत नाही. लोक त्या सुजेलाच तेज म्हणत होते.

राखीनं रांगेतल्या प्रत्येकाला बजावलं, "हे अचानकही सोडू नका, अंगाला सवय झाली असली तर एकदम बंद करणंही घातक. आधी डॉक्टरकडे चला."

हाडांचा रस्सा घरी करा, खुशाल प्या. तो चवदार आहे, थोडी प्रथिनंही देतो. झिजलेला गुडघा नवा करत नाही. जे औषध जादूसारखा गुण देतं, त्यात काय घातलं आहे ते विचारा. आणि सांगणारा डबी झाकू लागला, तर तिथून उठा.

लक्ष्मणरावांचा अंगठा कापावा लागला. गुडघा अजून दुखतो. पण दुखायला पाय जागेवर आहे.