कोरडा दुपट्टा

नागपुरात एप्रिलमध्ये माणसाले काहीही होवो, नाव एकच: ऊन लागलं. चक्कर आली, ऊन. पोट बिघडलं, तरी ऊन. मग खिशात कांदा घाल, कैरीचं पन्हं पी, बर्फाच्या पाण्यात बुडवलेला दुपट्टा तोंडावर दाबून धर. मले तर या उन्हाचा असा वैताग आला होता की विचारू नका.

मी पायल, हुडकेश्वरची. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी ग्राउंडवर धावायची. कधीकधी राउंड संपवून उभी राहिली की छातीत एकदम धडधड सुटायची. हळूहळू नाही, कोणी बटण दाबावं तशी. आई थर्मासमध्ये बर्फाचं पाणी घेऊन सोबतच असायची. ती ओला दुपट्टा तोंडावर दाबायची आणि धडधड खटकन बंद. मग दवाखान्यात जावं तर ईसीजी एकदम चांगला! "टेन्शन घेते पोरगी," तिथले डॉक्टर म्हणाले. "ग्राउंडले भेते," आम्हाले धावणं शिकवणारे कवडू सर म्हणाले. भेते? मी? असा राग आला ना!

बाबांनी तर निकालच लावला. "अजून एकदा असं झालं तर धावणं बंद. मले नोकरी नाही, पोरगी पाहिजे." इतक्या मायेनं बोलले की भांडताही येईना. आणि भरतीले महिनाच उरला होता.

शेवटी मी धरमपेठेत डॉक्टर हर्षा मॅडमकडे गेली. धडधड सुरू कशी होते, बंद कशी होते, हे त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. दुपट्ट्याचं ऐकून त्या हसल्या. "तुझी आई नकळत इलाजच करते. अशी धडधड थंड पाण्यानं थांबते कधीकधी. पण थांबली की ईसीजीत दिसत नाही. आता धावू नको. पुन्हा झालं तर पाणी न लावता सरळ जवळच्या दवाखान्यात जा. एकटी नको जाऊ."

आठवड्यानं कूलरमध्ये पाणी भरायले वाकली आणि सुटली धडधड. समोर टाकीभर थंडगार पाणी! तोंड बुडवलं की सुटका, हे मले ठाऊक होतं. पाइप फेकून मी मागं सरकली. आई दुपट्टा भिजवून धावतच आली.

"हात नको लावू!" मी ओरडली. "बाबा, ऑटो थांबवा!"

ऑटोत आई रडून राहिली होती. "काहून जीव घेते वं माहा? एकदा लावू दे ना."

"लावलं तर मी पुन्हा खोटी पडीन, आई. मग बाबा मले कधीच धावू देणार नाहीत."

बाबा समोरून ऑटोवाल्याले घाई करून राहिले होते. आईनं माह्याकडे पाहिलं, दुपट्टा ऑटोबाहेर धरला आणि पाणी पिळून टाकलं. मग माहा हात घट्ट धरून बसली.

दवाखान्यात कागद मशीनमधून सरकू लागला तसे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "एसव्हीटी आहे ही. हृदयात एक जादा वाट असते, करंट तिथंच गोल गोल फिरत राहतो."

"टेन्शन नाही ना?" मी धापा टाकत विचारलं.

"अजिबात नाही."

मले रडूच फुटलं. मी खोटी नव्हती! त्यांनी शिरेतून इंजेक्शन दिलं. क्षणभर वाटलं, मेली मी. मग छाती शांत झाली. पुढं हर्षा मॅडमनं मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकली.

भरतीच्या थोडे दिवस आधी धावायची परवानगी मिळाली. त्या सकाळी तिघंही ग्राउंडवर गेलो. मी राउंड मारून थांबली. छाती जोरात उडून राहिली होती. आईचा हात थर्मासकडे गेला, पण मग तिनं माहं मनगट धरलं आणि डोळे मिटून नाडी पाहत राहिली.

"हळूहळू उतरून राहिलं वं," ती म्हणाली. "आपोआप." तिचे डोळे भरून आले. दुपट्टा कोरडाच गळ्यात होता. थर्मासमधलं पाणी ती स्वतःच गटागटा प्यायली.

बाबा घड्याळ पाहत उभे होते.

"वेळ जास्त लागला," ते म्हणाले. "पुन्हा धाव."