रफूवालीला दिसलेलं कडं

पहिलं कडं तिला इस्त्रीवाल्याच्या डोक्याभोवती दिसलं. भर दुपारी तो कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभा होता. मागे ऊन, आणि डोक्यामागे एक पिवळसर, ओलसर, हलकेच थरथरणारं कडं. रफूवालीनं डोळे पुसले, पण कडं काही पुसलं गेलं नाही.

"मावशी, असं काय बघता? या वयात जीव जडला की काय माझ्यावर?" म्हणत तो हसत निघून गेला. चौथ्या दिवशी इस्त्री करता करताच कोसळला, तो उठलाच नाही. तापलेली इस्त्री एका सदऱ्यावर तशीच राहिली. आरपार जळालेला तो सदरा लोकांनी तिच्याकडेच आणला. "एवढ्या मोठ्या भोकाला रफू नसतं," इतकंच ती म्हणाली.

कड्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही. बोललं की ते खरं होईल, असं तिला वाटत राहिलं. आणि मग एका सकाळी ते तिच्या लेकीभोवती दिसलं.

घरात मायलेकी दोघीच. एक सुई, एक दोरा म्हणाव्यात तशा. लेक शहरबस चालवायची. गणवेशाचा कोट चढवून ती दारात उभी राहिली, "येते गं आई," म्हणाली, आणि उन्हात तिच्या केसांमागे ते कडं हळूच उमटलं.

रफूवालीचं काळीज लक्कन हललं. छाती धडधडू लागली.

छातीसाठी तिला गोळी होती, अकरा वर्षांपासूनची. रोज सकाळी एक. सुरुवातीला डॉक्टर रक्त तपासायचे, नाडी मोजायचे. पुढे डॉक्टर गाव सोडून गेले आणि चिठ्ठी मागे राहिली. ती घड्यांवर फाटली, तेव्हा तिनं मागून कापड लावून टाके घालून घेतली. औषधवाला लांबूनच ते कापड ओळखायचा आणि न वाचता गोळ्या द्यायचा. मध्यंतरी पायांच्या सुजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. त्यांना या जुन्या गोळीचं सांगावं, हे तिच्या मनातही आलं नाही. अकरा वर्षांत ते औषध राहिलंच नव्हतं, घरचं माणूस झालं होतं.

आता धडधडलं की ती जास्तीची अर्धी घेऊ लागली. संध्याकाळी लेक परतेपर्यंत आणखी अर्धी. पण होत गेलं भलतंच. कडं रुंद होत होत लेकीच्या खांद्यांवर उतरलं. भिंतींवर, उशांवर, पेल्यातल्या दुधावर पिवळी झाक चढली. घास तोंडाशी नेला की मळमळायचं. आपण काळजीनं झुरतोय, असं तिला वाटायचं.

शेवटी जन्मात केलं नव्हतं ते तिनं केलं. लेक अंघोळीला गेली असता कात्री घेतली आणि गणवेशाच्या कोटाला उभी चीर दिली.

"अगं बाई, कोट फाटलाय तुझा. उंदीर असेल."

"उंदराला कात्री कुणी दिली?" लेक म्हणाली. पण आईचा उतरलेला चेहरा बघून तिनं ताणलं नाही. डेपोतून दुसरा कोट मिळेपर्यंत तिला सुट्टी घ्यावीच लागली.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी क्रिकेटचे पंच आले तेव्हा लेक घरात होती. पंचांनी रफूवालीकडून नुकताच नेलेला आपला पांढरा कोट टेबलावर पसरला.

"मावशी, तीस वर्षं तुमचं रफू मला स्वतःला सापडत नव्हतं. काल पोरं सीमारेषेवरून दाखवत होती. फलंदाज विचारतो, सर, पाठीवर अंड्याचा बलक सांडला का?"

"पांढऱ्यावर पांढराच दोरा घातलाय मी," ती फणकारली.

लेकीनं कोट पाहिला. डब्यातून दोन रिळं काढली.

"आई, हा कोणता?"

"पांढरा."

"आणि हा?"

"तोही पांढराच. पोरखेळ लावलायस का?"

पंच खाली बघू लागले. दुसरं रीळ लिंबासारखं पिवळं होतं.

रफूवालीला पुन्हा धडधडलं. तिनं पाकिटातली गोळी काढून मोडली, तोच लेकीनं हात धरला. "सकाळी घेतलीस ना?"

"ही जास्तीची. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

मग ती सगळं बोलून गेली. कडं, इस्त्रीवाला, कात्री, सगळं. लेक ओरडेल असं तिला वाटलं. लेकीनं तिची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक ठोका. मग इतका वेळ काहीच नाही, की पंचांनीही श्वास रोखला. मग पुढचा.

"गाडी आणलीय ना तुम्ही?" लेकीनं पंचांना विचारलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोळ्यांची पाकिटं शेजारी शेजारी मांडली. "छातीचं औषध वाईट नाही, मावशी, पण ते अंगात साठतं. वयानं तुमची मूत्रपिंडं थकली, ती आता पूर्वीसारखं बाहेर टाकत नाहीत. सुजेच्या गोळीनं अंगातले क्षार घटवले, त्यानं ते जास्तच बाधलं. वरून तुमच्या अर्ध्या अर्ध्या. साठलेल्या औषधानं असं पिवळं दिसतं; कडं तुमच्या नजरेत होतं. उजेडासमोर उभं राहील त्याच्याभोवती दिसणारच."

"म्हणजे हिला काही होणार नाही?"

"हिला कशाला होईल? निघाला होतात तुम्ही."

"आणि इस्त्रीवाला?"

डॉक्टरीणबाईंना इस्त्रीवाला ठाऊक नव्हता. "तो गेलाच असता गं," लेक म्हणाली, पण म्हणताना तिनं मान वळवली.

गोळी थांबवली, ठोके बघायला छातीला तारा लावल्या. कडं रोज बारीक होत गेलं. चादरीतून पिवळेपण दिवसादिवसानं उतरलं. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, सगळी औषधं एकाच कागदावर. ठरल्या तारखेला रक्त तपासायचं. विचारल्याशिवाय वाढवायचं नाही, कमी करायचं नाही, मनानं बंदही करायचं नाही.

लेकीनं अर्धी गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"हीच? पुन्हा?"

"हीच. पण आता मोजून."

"तिथं उभी राहा. खिडकीपाशी."

"आई, अगं..."

"उन्हात उभी राहा म्हणते ना!"

लेक उभी राहिली. मागे ऊन, विस्कटलेले केस, झोप न झालेला चेहरा. कडं परत येतं का बघत रफूवालीनं तिच्या डोक्यावरची नजर हलू दिली नाही. तशीच गोळी जिभेवर ठेवली, आणि पापणी न लवता पाण्याचा घोट घेतला.