बोटभर उघडी कड

मी एक जुना पोलादी ब्रॅकेट आहे. नाव ऐकूनच जांभई आली ना? थांबा मित्रांनो! एके काळी झाडांच्या कुंड्यांनी भरलेली शाळेची अख्खी हिरवी भिंत आम्ही चाळीस भावंडांनी खांद्यावर पेलली होती.

कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं, वर हिरवा रंग भट्टीत भाजून चढवला. काय रुबाब होता माझा! पाणी अंगावरून नुसतं घरंगळून जायचं.

भिंतीपाशी मात्र मी बोटभर जास्तच लांब निघालो. फिटरदादाने शिडीवरच मला करवतीने कापलं. कापलेली कड गंजू नये म्हणून तिला जस्ताचा रंग लावावा लागतो, पण त्याची डबी सात पायऱ्या खाली, पिशवीत.

"डबी देऊ का रे वर?" कुंड्या भरणाऱ्या माळीणमावशीने विचारलं.

"राहू द्या हो मावशी. झाडांच्या मागे कोण डोकावतंय?"

"पाणी डोकावतं, बाबा!"

दोघंही हसली. डबी पिशवीतच राहिली. मी तर माझ्या रंगाच्या तोऱ्यात होतो.

सहा वर्षं पाहुणे झाडांचं कौतुक करत राहिले आणि खताच्या पाण्याचा थेंब रोज माझ्या उघड्या कडेवर थबकत राहिला. वरून मी छान हिरवागार, आतून मात्र गंजाने पोखरला जात होतो. भिंतीवर तांबडा ओघळ उतरला. मावशीने शाळेत तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा कुणीतरी ओघळावर पांढरा रंग फासून गेलं.

एका सकाळी, शाळा भरायच्या आधी, मी तुटलो. कुंडी मावशीच्या पायाशी फुटली. ती थोडक्यात वाचली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इथून मुलं जातात. सगळी भिंत उतरवा."

"अहो बाई, एकच सडलाय! बाकीचे एकोणचाळीस बघा तरी," मावशी म्हणाली.

"आणि हा चाळिसावा कुणी बघितला होता?"

सहा वर्षं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं मावशीने स्वतःच्या हातांनी खाली उतरवली.

ब्रॅकेट काढायला तोच फिटरदादा आला. माझ्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. "मावशी, ही कड माझ्या हातची."

"आणि डबी माझ्या हाताशी होती रे," मावशी म्हणाली.

आता मी दादाच्या पिशवीत त्या डबीशेजारी असतो. नव्या भिंतीवर चढण्याआधी तो मला बाहेर काढून सगळ्यांना दाखवतो. पण मावशीची भिंत अजून बोडकीच आहे.

मित्रांनो, डबी खाली राहिली असेल तर खाली उतरा. सातच पायऱ्या होत्या हो!